झाकण न उघडता

रविवारची मिस्सा संपली की फ्लॉसी मच्याडोला घरी पोहोचायला सगळ्यात जास्त वेळ लागायचा. चर्चच्या दारापासून फाटकापर्यंत चाळीस पावलं असतील, पण तेवढ्यात दोघंतिघं तरी मनगट पुढे करून उभी राहायची. कुणाचा मेव्हणा दुबईहून आलेला, कुणाचा जावई जहाजावरून उतरलेला. "फ्लॉसीबाय, जरा बघ ना. ओरिजिनल आहे ना?"

तिचं वय एकोणसाठ, घर गिरीज गावात. नवरा एडवर्ड केळीची आणि फुलांची वाडी बघायचा. फ्लॉसीने मात्र एकतीस वर्षं मुंबईत, फोर्टातल्या एका विलायती घड्याळांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काढली होती. लागली तेव्हा ती पावत्या लिहायची. पुढे तिची नजर बघून तिथल्या हेड कारागिराने तिला भिंग दिलं आणि शेजारच्या टेबलावर बसवलं. कंपनीचा नियम कडक होता, नकली घड्याळाला कुणी हात लावायचा नाही. म्हणून दुरुस्तीला आलेलं प्रत्येक घड्याळ आधी फ्लॉसीच्या हाताखालून जायचं. ती हो म्हणाली तर आत, नाही म्हणाली तर परत मालकाच्या हातात.

हे काम म्हणजे रोजचं भांडण होतं. "खरं आहे" म्हटलं की लोक म्हणायचे, "ते मला माहीतच होतं." "खोटं आहे" म्हटलं की म्हणायचे, "तुम्हाला काय कळतं? तुमच्या साहेबाला बोलवा." सासऱ्यांनी लग्नात घातलेलं घड्याळ नकली निघालं म्हणून एकाने काउंटरवर मूठ आपटली होती, जणू घड्याळ फ्लॉसीनेच बनवलं होतं. एकतीस वर्षांत तिला कुणी थँक्यू म्हटल्याचं फारसं आठवत नव्हतं.

त्या हेड कारागिराने तिला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगितली होती. घड्याळ समोरून हवं ते सोंग घेऊ शकतं. डायलवरची अक्षरं, काटे, तारखेवरची फुगीर काच, सगळं कुणीही बनवू शकतं. खरेपणा असतो मागच्या झाकणाखाली, मशीनमध्ये. तिथे कंपनीचे हात दिसतात. आतल्या एकेका धातूच्या पट्टीच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या असतात, आणि त्या कुणाला दिसणार नसतात तरीही केलेल्या असतात. नकली बनवणारा तेवढे कष्ट घेत नाही. म्हणून फ्लॉसीने स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती. झाकण उघडल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

निवृत्त झाल्यावरही ती शिस्त तिने पाळली. कुणी आग्रह केला तर म्हणायची, "घरी ये, उघडून बघीन." बरेचजण यायचे नाहीत. त्यांना उघडून बघायचं नसायचं, हो ऐकायचं असायचं. शिवाय हल्लीच्या नकला इतक्या सफाईदार येत होत्या की भिंगाखाली धरूनही तिला दोनदा बघावं लागायचं. त्याची तिला चीड यायची. आपण शिकलो ते सगळं कुणीतरी बाजूला बसून ऐकतंय आणि त्याप्रमाणे माल सुधारतंय, असं तिला वाटायचं.

तिची शिस्त मोडली ती भुईगावला, एका नातलगाच्या बाळाच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात. जानेवारीचा महिना होता. मांडवात पंचवीस-तीस माणसं, पानात मटणाचं गरम इंद्याल नुकतंच पडलेलं. तोपर्यंत तिने तीन घड्याळं बघायला नकार दिला होता आणि तिघांचीही तोंडं वाकडी झाली होती. पहिला घास तोंडापर्यंत आला आणि समोर विनी लोपीस येऊन उभी राहिली.

विनी नायगावला राहायची, नव्या टॉवरमध्ये. तिचा नवरा ॲलिस्टर मालवाहू जहाजांवर कुक होता. रजेवर असताना घरातच हार्ट अटॅक येऊन तो गेला, त्याला दोन वर्षं होत आली होती. ॲलिस्टरच्या घड्याळाची गोष्ट मांडवातल्या बहुतेकांनी त्याच्याच तोंडून ऐकली होती. भर समुद्रात कॅप्टनला ताप चढला, जवळपास बंदर नाही, डॉक्टर नाही. ॲलिस्टर नऊ दिवस त्याच्या उशाशी बसला, चमच्याने पेज भरवली. पुढे कॅप्टनने नोकरी सोडली त्या दिवशी मनगटावरचं भारी विलायती घड्याळ उतरवून याच्या हातात बांधलं. ॲलिस्टर ही गोष्ट रंगवून सांगायचा, आणि तो उठून गेला की लोक एकमेकांकडे बघून हसायचे. "कॅप्टनचं घड्याळ आलं गं," असं त्याला लांबून येताना बघून म्हणायचे.

"फ्लॉसीबाय, एवढं एकच बघ," विनी म्हणाली. "सुझान विचारते, पप्पांचं घड्याळ लॉकरमध्ये ठेवायचं की असंच कपाटात?"

सुझान तिची मुलगी, बारावीला होती.

फ्लॉसीने डाव्या हाताने घड्याळ घेतलं. उजवा हात इंद्यालाने बरबटलेला होता. अक्षरांची छपाई जाड होती, कडा फुटलेल्या. काटे या मॉडेलचे नव्हतेच. तारखेवरची काच तारीख मोठी करून दाखवायला हवी, ती जेमतेम करत होती. वेळ लावायच्या चावीवर कंपनीची खूण नव्हती. सेकंदाचा काटा अडखळत होता. पाच खुणा, आणि पाचही वाईट. अर्धं मिनिटही झालं नसेल.

"डुप्लिकेट आहे, विनी," ती म्हणाली. "लॉकर नको. कपाटात राहू दे."

शेजारी कुणीतरी हसू दाबलं. पलीकडच्या टेबलावरून एक पुरुषी आवाज आला, "कॅप्टनने कुकलाच बनवलं की रे!" विनीने घड्याळ उचललं, पर्समध्ये टाकलं आणि "बरं" म्हणून आपल्या जागेवर गेली. फ्लॉसीने घास खाल्ला. तो गार झाला होता, एवढंच तिच्या लक्षात राहिलं.

सप्टेंबरमध्ये एके दुपारी विनी गिरीजला आली. फ्लॉसी ओट्यावर बसून एडवर्डच्या शर्टाला बटण लावत होती. विनीने पर्समधून एक पिवळा पडलेला, चार घड्यांचा कागद काढला.

"ॲलिस्टरच्या जहाजाच्या नोकरीचं पुस्तक होतं ना, त्याच्या कव्हरच्या आत सापडला. इंग्लिश आहे, पण मला कळत नाही कशाबद्दल आहे ते. घड्याळाचं चित्र आहे म्हणून तुझ्याकडे आणला."

फ्लॉसीने चष्मा लावला. रॉटरडॅमच्या एका घड्याळजीची पावती होती. वर कुणा कॅप्टनचं नाव. खाली टाइप केलेल्या चार ओळी. घड्याळात समुद्राचं पाणी गेलेलं. डायल नव्याने रंगवली. काटे, काच आणि चावी मूळ मिळाली नाही, बाजारातली बसवली. मशीन आणि बाहेरची धातूची केस मूळ, साफ करून दिली. सगळ्यात खाली घड्याळाचा नंबर.

तिने कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. डायल, काटे, काच, चावी, म्हणजे भुईगावच्या मांडवात तिने ज्या ज्या गोष्टींकडे बघितलं होतं त्या सगळ्या बदललेल्या होत्या. जे मूळ होतं, ते झाकणाखाली होतं.

"काय लिहिलंय?" विनीने विचारलं.

"दुरुस्तीची पावती आहे," फ्लॉसी म्हणाली.  "ते घड्याळ जरा घेऊन ये. मला परत बघायचंय."

"ते कुठे आहे आता? देऊन टाकलं मी. नायगाव स्टेशनच्या पूर्वेला प्रल्हाद बसतो ना घड्याळं दुरुस्त करायला, त्याला. त्याने बदल्यात आमचं भिंतीवरचं घड्याळ चालू करून दिलं." मग तिने फ्लॉसीकडे निरखून बघितलं. "का गं?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. फ्लॉसीला ते कळत होतं. पण नंबर जुळल्याशिवाय बोलायचं, म्हणजे परत झाकण न उघडता बोलायचं. "सांगते," ती म्हणाली. "पावती राहू दे माझ्याकडे."

विनी गेल्यावर एडवर्ड वाडीतून आला. त्याने पावती हातात घेऊन पाहिली, बायकोचं तोंड पाहिलं, आणि हातपाय धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नायगावला प्रल्हादकडे गेली. दोन टॉवरच्या मधल्या गल्लीत त्याचं काचेचं खोकं होतं. आत पट्टे टांगलेले, खाली सेलचे डबे. तिने नाव सांगताच तो उठून उभा राहिला.

"फ्लॉसी मॅडम? फोर्टवाल्या? अहो बसा ना! तुमचं नाव खूप ऐकलंय." त्याने स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं.

"विनी लोपीसने दिलेलं घड्याळ कुठे आहे?"

"ते डुप्लिकेट? गेलं ते केव्हाच. सातिवलीला एक जण आहे, जयराम म्हणून, खोक्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. त्याला दिलं."

"तुम्ही मागून उघडून नाही बघितलं?"

प्रल्हाद हसला. "कशाला? बाई म्हणाल्या, फ्लॉसी मॅडमनी सांगितलंय डुप्लिकेट आहे. तुमच्या शब्दापुढे मी कशाला झाकण उघडू? शिवाय ते झाकण उघडायचं हत्यार माझ्याकडे नाही. मी जयरामलाही तेच सांगितलं. फोर्टच्या मॅडमनी पास केलेलं डुप्लिकेट आहे, बिनधास्त वापर."

फ्लॉसीला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं, आणि ओरडायला कारण काहीच नव्हतं. माणसाने तिच्यावर विश्वास ठेवला होता. ज्या विश्वासासाठी ती एकतीस वर्षं काउंटरवर झगडली, तो तिला नेमका इथे, पट्ट्यांच्या या खोक्यात, फुकट मिळाला होता.

सातिवलीला ती दोनदा गेली. पहिल्या खेपेला पत्र्याच्या शेडच्या चार गल्ल्या पालथ्या घालून कारखाना सापडला, तर जयराम माल पोहोचवायला भिवंडीला गेलेला. दोन तास ती पुठ्ठ्याच्या थप्पीवर बसली. नाकातोंडात पुठ्ठ्याची धूळ गेली. शेवटी वॉचमनच म्हणाला, "मावशी, आज काय येत नाय तो."

दुसऱ्या खेपेला फोन करून गेली. घरून निघताना एडवर्डने आपलं न वापरलेलं नवं घड्याळ तिच्या पिशवीत टाकलं होतं. मुलाने पाठवलेलं, चांगल्या कंपनीचं. "त्याला सांग, बाईच्या नवऱ्याची आठवण आहे. डुप्लिकेटच आहे, पण आठवण आहे. हे घे आणि ते दे. खुशीने देईल तो."

"बघते," फ्लॉसी म्हणाली होती.

जयराम मालवणकडचा, पन्नाशीचा, बोलायला सरळ माणूस होता. ते घड्याळ त्याच्या मनगटावर होतं, आणि काचेवर वाळलेल्या खळीचे डाग होते. 

"मॅडम, दोन-दोन वेळा आलात ह्या डुप्लिकेटसाठी?" तो म्हणाला. "काय भानगड आहे?"

"मला एकदा मागून उघडून बघायचंय. मी तेव्हा न उघडताच बोलले होते."

"म्हणजे चुकलात?"

"उघडल्यावर कळेल."

त्याने जरा विचार केला. मग घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. फ्लॉसीने पिशवीतून कोरा रुमाल काढून अंथरला, आपलं जुनं हत्यार झाकणाच्या दात्यांत बसवलं आणि मनगटाला झटका दिला. झाकण घट्ट होतं. तिसऱ्या झटक्याला सुटलं. पंखा बंद करायला सांगून ती भिंग लावून वाकली.

मशीन सुकलेलं होतं. वर्षानुवर्षं तेल मिळालं नव्हतं, म्हणूनच काटा अडखळत होता. पण ते कंपनीचंच होतं. आतल्या पट्ट्यांच्या कडा घासलेल्या, कंपनीचं नाव सुईच्या टोकाने कोरावं तसं बारीक आणि धारदार. तिने पट्टा एका बाजूने सोडवला आणि केसच्या कडेवरचा नंबर वाचला. पावती काढून शेजारी ठेवली. एकेक आकडा बोट ठेवून जुळवला. सगळे जुळले. सवयीने तिने मोबाइल काढून फोटो घेतला, मशीनचा आणि नंबरचा.

जयराम तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. "काय मॅडम? काय निघालं?"

पिशवीत एडवर्डचं घड्याळ होतं. दोन शब्दांचं काम होतं. डुप्लिकेटच आहे, असं म्हटलं असतं तर जयरामने खांदे उडवले असते, नवं घड्याळ हातात बांधलं असतं आणि संध्याकाळपर्यंत ॲलिस्टरचं घड्याळ नायगावला विनीच्या हातात असतं. फ्लॉसीने तोंड उघडलं सुद्धा. पण ते घड्याळ मिळवायचं तर त्यालाच पुन्हा खोटं म्हणायला लागणार होतं. उघडून, डोळ्यांनी बघून, नंबर जुळवून, आणि तरीही. एकदा घाईत म्हटलं होतं. आता शांतपणे म्हणायचं?

"खरं आहे," ती म्हणाली.

जयराम सरळ उभा राहिला. "खरं म्हणजे, खरं खरं?"

"मशीन आणि केस कंपनीचं आहे. वरचं बदललंय." मग तिने त्याला सगळं सांगितलं. ॲलिस्टर, कॅप्टन, विनी, भुईगावचं जेवण. एडवर्डचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "तुमच्यावर माझा काही हक्क नाही. मागते आहे, एवढंच."

 जयरामने रुमालावरून घड्याळ उचललं, झाकण लावून मागितलं आणि खिशात ठेवलं. मनगटावर बांधलं नाही. "मॅडम, बाईंबद्दल वाईट वाटतं मला. पण मी चोरून नाही घेतलं. आणि माझ्या नशिबाला असं काही कधी आलं नव्हतं." एडवर्डचं घड्याळ त्याने दोन बोटांनी तिच्याकडे परत सरकवलं.

घरी एडवर्डने सगळं ऐकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर आवाज चढवला. "एक खोटं! एक खोटं नाही बोलता आलं तुला? त्या विधवेसाठी? लोकांना तोंडावर खोटं-खोटं म्हणत आलीस इतकी वर्षं, आज एकदा म्हणायचं होतं तर जीभ वळली नाही?"

"नाही वळली," फ्लॉसी म्हणाली.  एडवर्ड चप्पल घालून वाडीत निघून गेला आणि त्याने उगाचच पाण्याचा पंप चालू केला.

विनीला तिने तिच्या घरी जाऊन सांगितलं. सुझान कॉलेजला गेली होती. बाराव्या मजल्यावरच्या खिडकीतून खाडी दिसत होती.  पावती आणि मोबाइलवरचा फोटो विनीने शेजारी शेजारी धरून आकडे स्वतः जुळवले, फ्लॉसीने जुळवले होते तसेच, बोट ठेवून.

"अर्ध्या मिनिटात सांगितलंस तू," ती शेवटी म्हणाली. "उजवा हात जेवणाचा होता तुझा. मला आठवतंय."

"हो."

"तुला घड्याळाचं वाटतंय ना? घड्याळ गेलं म्हणून?" विनीचा आवाज चढला. "फ्लॉसीबाय, त्या दिवसापासून मी त्याच्याशी भांडतेय! मेलेल्या माणसाशी! मला वाटलं, घड्याळाचं खोटं सांगितलं, तर बाकीचं? सुझान झाली तेव्हा सँटोसमध्ये जहाज अडकलं होतं म्हणाला, ते खरं होतं का? दोन नाताळ आला नाही, ते? एकेक गोष्ट काढत बसायचे मी. घड्याळ त्या प्रल्हादला दिलं ते रागाने दिलं. भिंतीवरचं घड्याळ तर बंदही नव्हतं, मागे पडायचं फक्त. डोळ्यांपुढे नको होतं ते मला, म्हणून."

फ्लॉसीने या बाजूने कधी विचारच केला नव्हता. काउंटरवरून परत गेलेल्या माणसांचं पुढे काय झालं, हे तिला कधी दिसलंच नव्हतं. त्या सासऱ्याचं काय झालं असेल, ज्याने जावयाला घड्याळ घातलं होतं? ती काहीतरी बोलायला गेली, पण विनीने हात वर केला.

"मला ते एकदा बघायचंय. परत नको. फक्त बघायचंय."

फ्लॉसीने तिथूनच जयरामला फोन लावला. त्याने दुसऱ्या रिंगला उचलला आणि ती काही विचारायच्या आत म्हणाला, "मॅडम, ते मी विकलं. परवाच. तुम्हीच सांगितलंत ना खरं आहे म्हणून? मग खरं घड्याळ घालून मी पॅकिंगवर कसा उभा राहू? घरी ठेवलं तर बायकोला झोप नाही. डुप्लिकेट होतं तोवर बरं होतं." कुणाला विकलं ते त्याने सांगितलं नाही. मुंबईचा माणूस होता, एवढंच म्हणाला.

विनीला फोनमधलं ऐकू गेलं होतं. ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "मग आता एक कर. जिथे म्हणालीस तिथे परत म्हण. त्याच लोकांसमोर."

ती संधी नोव्हेंबरमध्ये आली. भुईगावच्या त्या बाळाचा पहिला वाढदिवस. अंगण तेच, माणसं बहुतेक तीच. केक कापून झाल्यावर फ्लॉसी उभी राहिली. तिला चार माणसांत उभं राहून बोलायची सवय नव्हती. तिने हातात पावती आणि फोटोची मोठी करून आणलेली प्रिंट धरली होती.

"मागे मी इथे ॲलिस्टर लोपीसच्या घड्याळाला डुप्लिकेट म्हणाले होते," ती म्हणाली. "ते चुकीचं होतं. घड्याळ अस्सल होतं. मी न उघडता बोलले. त्याने जे सांगितलं होतं, ते खरं होतं. हा त्याचा पुरावा."

प्रिंट हातोहात फिरली. लोकांनी ती पाहिली, उलटी करूनही पाहिली. मग यजमानांची म्हातारी आई फ्लॉसीचा हात धरून मऊ आवाजात म्हणाली, "मोठ्या मनाची गं बाय तू. बिचारीच्या समाधानासाठी एवढं केलंस." पाठीमागून एकजण शेजारच्याला सांगत होता, "असंच करायचं असतं. विधवेचं मन राखलं तिने." आणि तोच जुना पुरुषी आवाज, आता समजूतदार झालेला, म्हणाला, "बरोबर आहे, बरोबर आहे. कॅप्टनचंच होतं, काय विनी?"

फ्लॉसी पुढे झाली. "अहो, नंबर बघा! पावतीवर बघा आणि फोटोत बघा! मी कुणाचं मन राखायला आलेली नाही!" पण तिने जेवढं ठासून सांगितलं तेवढ्या माना जास्तच प्रेमाने हलल्या. सगळी हयात तिने खोटं म्हटलं की लोकांना पटायचं नाही. आज खरं म्हटलं तर ते दया म्हणून घेत होते. तिला रडू यायच्या बेतात होतं, आणि ते रडणंही कुणीतरी चांगुलपणाच्या खात्यात टाकणार, हे तिला दिसत होतं.

तेव्हा विनी उठली. प्लेट तिने खुर्चीवर ठेवली.

"दया?" ती म्हणाली. "हिला? तुम्ही ओळखता का हिला? हिला दया येत असती तर त्या दिवशी आली असती, भर मांडवात, सगळ्यांसमोर! त्या सातिवलीच्या माणसासमोर दोन शब्द खोटं बोलली असती तर घड्याळ आज माझ्या हातात असतं. नाही बोलली. ही बाई कुणाच्या समाधानासाठी काही बोलत नाही. ती खरं म्हणते ना, तर खरंच आहे ते."

 बाळाने फुगा फोडला आणि स्वतःच दचकून रडायला लागलं. तो समजूतदार आवाजाचा माणूस उठून पुन्हा प्रिंट मागायला आला. त्याने या वेळी चष्मा लावला, पावती जवळ घेतली आणि ओठ हलवत आकडे वाचू लागला. त्याच्या शेजारच्यानेही मान पुढे केली.

एडवर्ड स्कूटरवरून आधीच घरी गेला होता. परतीला विनी रिक्षात बसली आणि फ्लॉसीसाठी सरकून जागा केली. गिरीजचं वळण दिसू लागलं.

"मी अजून रागावलेली आहे," विनी म्हणाली.

"माहीत आहे," फ्लॉसी म्हणाली आणि वळणावर उतरली.